दगडांसोबत पैसा का द्यावा लागतो: होल्डनचं मृत्युपत्र आणि हार्वर्डची खनिजं

मे १९१३ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचा खाण अभियंता अल्बर्ट फेअरचाइल्ड होल्डन वारला, तेव्हा तो जेमतेम ४६ वर्षांचा होता. कॅन्सरमधून आपण उठत नाही हे कळल्यावर त्याने मालमत्तेची नीट व्यवस्था लावली. त्या मालमत्तेत खाणींचे आणि धातू गाळण्याच्या धंद्याचे शेअर होते, आणि कपाटं भरून खनिजं होती. खनिजं त्याने हार्वर्ड विद्यापीठाला दिली. तो तिथलाच, १८८८ सालचा पदवीधर. इथपर्यंत यात फार विशेष नाही. नाणी, पुस्तकं, चित्रं, जे आयुष्यभर जमवलं ते अखेरीस एखाद्या संस्थेला देऊन टाकणारे लोक सगळीकडे असतात. होल्डनने मात्र खनिजांबरोबर ती सांभाळण्यासाठी पैसाही ठेवला. तो गुंतवून ठेवायचा आणि त्याच्या उत्पन्नावर संग्रह चालवायचा, अशी ती व्यवस्था. शंभरहून अधिक वर्षं झाली, तरी त्या निधीचं उत्पन्न हार्वर्डच्या खनिजसंग्रहाच्या कामी येतं आहे.

माझ्या मते त्या दोन देणग्यांपैकी पैशाची देणगी मोठी. काचेच्या कपाटातले झगझगीत स्फटिक बघून आपण थक्क होतो, पण ते तिथे सुस्थितीत, नाव-गावासकट, अभ्यासाला मिळतील असे ठेवणं हे रोजचं, खर्चिक काम आहे. तो खर्च कोण करतो, त्यासाठी मृत्युपत्रात काय लिहितात, विद्यापीठ त्या पैशाचं काय करतं आणि कुठे गाडं अडतं, ते या लेखात सावकाश बघू.

होल्डनच्या घरातच खाणी होत्या. वडील लिबर्टी होल्डन यांचा युटामध्ये खाणींचा व्यवसाय, शिवाय क्लीव्हलंडचं ‘प्लेन डीलर’ हे वृत्तपत्र त्यांच्या मालकीचं. अल्बर्ट पुढे युनायटेड स्टेट्स स्मेल्टिंग, रिफायनिंग अँड मायनिंग या बड्या कंपनीचा प्रमुख झाला. खाणीतून निघालेला माल टनावर मोजला जातो. तो फोडायचा, दळायचा आणि भट्टीत घालायचा. त्या मालात एखाद्या पोकळीत वाढलेला, कडा शाबूत असलेला शिशाच्या किंवा तांब्याच्या खनिजाचा सुंदर स्फटिक असेल, तर भट्टीच्या दृष्टीने तोही तेवढ्याच वजनाचा धातू. असे किती स्फटिक वितळून गेले असतील याला गणतीच नाही. जगभरच्या संग्रहालयांत आज धातूखनिजांचे जे उत्तम नमुने दिसतात, ते कुणीतरी, बहुतेकदा खाणीतल्याच माणसाने, भट्टीच्या वाटेवरून बाजूला काढून ठेवले म्हणून उरले. होल्डन स्वतः भट्टीवाल्यांपैकी होता, आणि काय जळून जातं हे त्याला जवळून माहीत होतं. संग्राहकांमध्ये मला हा माणूस वेगळा वाटतो तो यासाठी.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. अमेरिकेतल्या अशा देणग्या कर वाचवायला दिल्या जातात, असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. आज त्यात काही प्रमाणात तथ्य आहे. पण मृत व्यक्तीच्या मालमत्तेवरचा आताचा संघीय कर अमेरिकेत १९१६ साली आला. होल्डन त्याच्या तीन वर्षं आधीच गेला होता.

खनिजांखेरीज त्याने एका वृक्षउद्यानासाठीही मोठी रक्कम ठेवली. ती आधी हार्वर्डच्याच आर्नल्ड आर्बोरेटमला द्यायचा त्याचा विचार होता. बहीण रोबर्टा हिने त्याचं मन वळवलं, की असं उद्यान आपल्या क्लीव्हलंडलाच व्हायला हवं. १९३१ मध्ये ते झालं, आणि होल्डन आर्बोरेटम या नावाने आजही आहे. म्हणजे वस्तू द्यायची असो की बाग उभी करायची असो, मागे उत्पन्नाची तजवीज हवी, ही त्याची पक्की समजूत होती.

आता ही तजवीज असते कशी ते पाहू. इंग्रजी जगात तिला एन्डोमेंट म्हणतात. आपल्याकडच्या संस्था कॉर्पस किंवा कायम निधी म्हणतात. आपल्या ओळखीचं उदाहरण म्हणजे आजोबांनी नातवाच्या नावाने ठेवलेली मुदत ठेव: मुद्दल मोडायचं नाही, व्याज वापरायचं. फरक एवढाच, की नातू मोठा होतो आणि ठेव मोडते. विद्यापीठाचा निधी कधीच मोडायचा नसतो. आणि ‘कधीच’ म्हटलं की सगळं गणित बदलतं.

समजा कुणी १ कोटी रुपये दिले आणि त्यावर वर्षाला ८ टक्के मिळाले. आठ लाख रुपये हाती आले. ते सगळे खर्चून टाकले, तर पुढच्या वर्षीही आठच लाख येणार, वीस वर्षांनीही आठच लाख. दरम्यान महागाई थांबत नाही. ती ६ टक्क्यांनी वाढत राहिली, तर वीस वर्षांनंतरच्या त्या आठ लाखांत आजच्या अडीच लाखांएवढंच काम होईल. मुद्दल कागदावर शाबूत आहे, कुणी पैसा खाल्लेला नाही, तरी निधी आतून पोखरला गेला. आपल्याकडच्या कित्येक जुन्या शिष्यवृत्त्या आणि पारितोषिकं अशीच नावापुरती उरली आहेत. देणाऱ्याच्या काळात ज्या रकमेत मुलाचं वर्ष निघायचं, त्या रकमेत आता वह्याही येत नाहीत.

म्हणून जाणती संस्था मिळालेलं सगळं उत्पन्न खर्च करत नाही. अमेरिकी विद्यापीठं साधारणपणे निधीच्या किमतीच्या ४ ते ५ टक्के दरवर्षी खर्चायला देतात आणि बाकीचं परत मुद्दलात घालतात. वरच्या उदाहरणात साडेचार टक्के खर्च केला तर पहिल्या वर्षी हाती पडतात साडेचार लाख, आणि मुद्दल होतं १ कोटी ३ लाख ५० हजार. पुढच्या वर्षीचे साडेचार टक्के म्हणजे ४ लाख ६५ हजार ७५० रुपये. सुरुवातीला हात आखडता वाटतो, पण रक्कम दरवर्षी वाढत जाते. ६ टक्के महागाईला ती पुरती गाठत नाही, तरी निधी पोखरला जाण्याचा वेग बराच कमी होतो. बाजार कोसळला त्या वर्षी खर्च एकदम आटू नये म्हणून निधीची किंमत एका वर्षाची न धरता मागच्या काही वर्षांची सरासरी धरण्याचीही पद्धत आहे. पगारी माणूस नेमायचा असेल तर हे फार महत्त्वाचं. यंदा नेमला आणि पुढच्या वर्षी काढून टाकला, असं संग्रहपालाच्या बाबतीत करून चालत नाही. कुठलं कपाट कुणाचं, कुठल्या खोक्याला हात लावताना जपायचं, हे शिकायलाच त्याला दोन-चार वर्षं लागतात.

दुसरी बाजू अटीची. होल्डनचा पैसा खनिजांसाठी दिलेला आहे. विद्यापीठाने देणगी स्वीकारली म्हणजे ती अटही स्वीकारली. उद्या वसतिगृहाचं छप्पर गळायला लागलं तरी त्यासाठी हा पैसा वळवता येत नाही. बाहेरून बघताना हा आडमुठेपणा वाटेल. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका-युरोपातल्या अनेक विद्यापीठांत खनिजशास्त्र मागे पडत गेलं, जागा नव्या प्रयोगशाळांना हवी झाली, आणि जुनी कपाटं तळघरात गेली. काही संग्रह विकले गेले, काही वाटले गेले. अशा वेळी ‘याच्या नावाने स्वतंत्र पैसा आहे आणि तो दुसरीकडे वापरता येत नाही’ हे वाक्य विभागप्रमुखाच्या हातातलं सर्वात मोठं हत्यार ठरतं. ज्या संग्रहाच्या मागे असं काही नसतं, त्याची बाजू मांडणारा निवृत्त झाला की संग्रहाचं भवितव्य नव्या माणसाच्या मर्जीवर उरतं.

दगडांना कसला आलाय खर्च, असं मात्र अनेकांना मनापासून वाटतं. कोट्यवधी वर्षं जमिनीत राहिलेली वस्तू, तिला काय होणार? जमिनीखाली खनिजाला जी परिस्थिती मिळते, ती कपाटात मिळत नाही, ही खरी गोम आहे. पायराइट घ्या. पितळेसारखं पिवळं चमकणारं लोह आणि गंधकाचं हे खनिज सगळ्यांना आवडतं. दमट हवेत त्यातले काही नमुने हवेतल्या ऑक्सिजनशी आणि पाण्याशी संयोग पावतात. त्यातून लोहाचं सल्फेट आणि गंधकाम्ल तयार होतं. आधी पृष्ठभागावर राखाडी-पांढरी पूड येते, खण उघडला की गंधकाचा दर्प येतो, मग नमुन्याला भेगा पडतात. आम्ल खाली झिरपतं आणि खोक्याचा पुठ्ठा खातं, आणि खोक्यात ठेवलेली चिठ्ठीही. दगड कदाचित दुसरा मिळेल. शंभर वर्षांपूर्वी कुणी, कुठल्या खाणीच्या कुठल्या पातळीवरून तो काढला हे लिहिलेली चिठ्ठी जळून गेली, की ती माहिती जगातून गेली.

रिअलगार म्हणजे लालभडक मनशीळ. तिला प्रकाश सोसत नाही. उजेडात ठेवली की तिची रचनाच बदलते आणि पिवळ्या भुकटीत रूपांतर होतं. प्रुस्टाइट हे चांदीचं माणकासारखं लाल खनिज उजेडात काळवंडतं. जांभळ्या गारेचा, म्हणजे ॲमेथिस्टचा, रंग उन्हात उडू शकतो. सैंधवाचे स्फटिक दमट हवेत पाणी ओढून पाझरतात. युरेनियमच्या खनिजांतून रेडॉन वायू निघतो, त्यांना हवा खेळती राहील अशी वेगळी जागा लागते. ॲस्बेस्टॉसचे तंतू उडू नयेत म्हणून ते बंद डब्यात.

आणि आपल्या दख्खनच्या कातळातलं लॉमोंटाइट. खाणीतून निघतं तेव्हा पांढरं, कणखर, लांब चौकोनी काड्यांसारखं. कोरड्या हवेत ते आपल्यातलं पाणी सोडायला लागतं. काड्या आधी दुधाळ होतात, मग त्यांना आडव्या-उभ्या बारीक चिरा जातात, आणि एखाद्या दिवशी बोट लावलं की काडीचा चुरा होतो. म्हणजे पायराइटला कोरडी हवा हवी आणि लॉमोंटाइटला कोरडी हवा नको. एकाच खोलीत दोघांना ठेवायचं तर प्रत्येकाची वेगळी बंद पेटी, आर्द्रता मोजायची यंत्रं, आणि वर्षातून काही वेळा खण न् खण उघडून बघणारा माणूस. निधीचे साडेचार टक्के बव्हंशी असल्याच, कुणाच्या नजरेत न भरणाऱ्या कामात जातात: पेट्या, काच, वीज, पगार, नोंदींचं संगणकीकरण, आणि परदेशातल्या अभ्यासकाने मागितलेला नमुना नीट गुंडाळून पाठवण्याचा खर्च.

हे सगळं कशासाठी, तर खनिजसंग्रह हा खनिजशास्त्राचा दस्तऐवज असतो म्हणून. जगात आज ६,००० हून अधिक खनिजं मान्यता पावलेली आहेत. नवं खनिज सापडलं असा दावा करायचा, तर ज्या नमुन्यावरून ते वर्णन केलं तो मूळ नमुना मान्यताप्राप्त संग्रहालयात ठेवावा लागतो. त्याला टाइप नमुना म्हणतात. पुढे कुणाला शंका आली, तर निवाडा त्या दगडावरून होतो. तो हरवला किंवा त्याची पूड झाली, तर वादाला तळच उरत नाही.

होल्डनच्या देणगीचा काळ या दृष्टीने लक्षात घेण्यासारखा आहे. स्फटिकातून क्ष-किरण सोडले की ते ठरावीक दिशांना विखुरतात हे म्युनिकमध्ये १९१२ साली दिसून आलं. १९१३ मध्ये, म्हणजे होल्डन वारला त्याच वर्षी, ब्रॅग पिता-पुत्रांनी त्यावरून मिठासारख्या स्फटिकांतली अणूंची मांडणी उलगडायला सुरुवात केली. तोवर खनिज ओळखायचं ते रंग, काठिण्य, कडांचे कोन आणि रासायनिक पृथक्करण यांवरून. नंतरच्या काही दशकांत पद्धती इतक्या बदलल्या की आता डोळ्याला जेमतेम दिसेल एवढा कण पुरतो. जुन्या कपाटांतल्या दगडांना नव्याने प्रश्न विचारता आले. होल्डनला यातलं काहीही ठाऊक असणं शक्य नव्हतं. कुठला अभ्यास होईल हे ठरवून न देता त्याने संग्रह टिकेल एवढं पाहिलं, आणि तेच बरोबर ठरलं.

त्याचं नाव एका खनिजालाही मिळालं. न्यू जर्सीतल्या फ्रँकलिनच्या जस्ताच्या खाणीतलं, मँगनीज, जस्त आणि आर्सेनिक असलेलं हे लालसर खनिज १९२७ साली होल्डनाइट या नावाने प्रसिद्ध झालं. वर्णन करणाऱ्या दोघांपैकी एक होते हार्वर्डचे प्राध्यापक चार्ल्स पॅलॅश. फ्रँकलिनच्या खनिजांचा त्यांच्याएवढा अभ्यास क्वचितच कुणी केला असेल. फ्रँकलिनची खाण १९५४ मध्ये बंद झाली. शेकडो खनिजं देणारी, त्यातली कित्येक दुसरीकडे कुठेच न सापडलेली अशी ती जागा. आता तिथलं जे काही अभ्यासायचं ते मुख्यत्वे आधीच बाहेर काढून जपलेल्या नमुन्यांवरच.

होल्डनच्या आधीही हार्वर्डकडे खनिजं होती. १७९३ मध्ये लंडनचे डॉक्टर जॉन कोकली लेट्सम यांनी सुमारे ७०० नमुने पाठवले, तिथून सुरुवात. नंतर १९४८ मध्ये अल्बर्ट बरेज यांचा, सोन्याच्या स्फटिकांसाठी प्रसिद्ध असलेला संग्रह आला. बरेज तांब्याच्या धंद्यातला, आणि ऑर्किडचा तितकाच वेडा. अमेरिकन ऑर्किड सोसायटीचा पहिला अध्यक्ष. ज्या संस्थेत आधीचा संग्रह नीट ठेवलेला दिसतो तिथेच पुढचा संग्राहक आपला ठेवा सोपवतो. या अर्थाने होल्डनच्या पैशाने पुढच्या देणग्यांचीही वाट मोकळी केली, असं मला वाटतं.

सरकारी संस्थेचं उदाहरण द्यायचं तर १९२६ साल. त्या एका वर्षात वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनकडे दोन मोठे खनिजसंग्रह आले. एक वॉशिंग्टन रोबलिंगचा, म्हणजे न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल बांधणाऱ्या मुख्य अभियंत्याचा: सुमारे १६,००० नमुने, सोबत त्याच्या मुलाने दिलेले दीड लाख डॉलर. दुसरा फ्रेडरिक कॅनफिल्डचा: सुमारे ९,००० नमुने आणि ५० हजार डॉलर. पुलाच्या पायाचं काम करताना दाबाखालच्या हवेत वावरून रोबलिंगची प्रकृती कायमची ढासळली होती. जगातलं प्रत्येक ज्ञात खनिज आपल्याकडे असावं हा त्याचा ध्यास. या निधींतून स्मिथसोनियनने पुढे अनेक दशकं नवे नमुने विकत घेतले. त्यामुळे तो संग्रह १९२६ सालात गोठून राहिला नाही.

अटी घालण्याच्या बाबतीत मात्र सर्वात रंजक आणि शिकण्यासारखं मृत्युपत्र या सगळ्यांहून खूप जुनं आहे. जॉन वुडवर्ड हा लंडनचा वैद्य १७२८ मध्ये वारला. खनिजं, धातुकं, जीवाश्म असे सगळे मिळून दहा हजारांच्या आसपास नमुने त्याने जमवले होते, अक्रोडाच्या लाकडाच्या कपाटांत, प्रत्येकाची नोंद करून. त्यातला इंग्लंडमधला भाग त्याने केंब्रिज विद्यापीठाला दिला. शिवाय जमीन घ्यायला पैसा ठेवला, म्हणजे तिच्या उत्पन्नातून एक व्याख्याता नेमता येईल. त्याला वर्षाला १०० पौंड. त्या व्याख्यात्याने अविवाहित असलं पाहिजे, अशी अट होती. बायको-मुलांच्या काळजीने अभ्यासावरचं लक्ष उडेल ही धास्ती. ठरलेल्या वेळी हजर राहून त्याने संग्रह लोकांना दाखवायचा होता. वुडवर्डचं लक्ष किती बारीक होतं ते यावरून कळतं: कपाटं कुलूपबंद पडून राहतील ही भीती त्याला आधीच दिसत होती.

तरी पहिली नव्वद वर्षं फारसं काही घडलं नाही. १७३१ मध्ये नेमलेले पहिले वुडवर्डियन प्राध्यापक कॉनियर्स मिडलटन हे धर्मविषयक लेखनासाठी ओळखले जाणारे गृहस्थ. दगडांशी त्यांचा संबंध बेताचाच. पैसा आणि अटी असल्या तरी योग्य माणूस आपोआप मिळत नाही. १८१८ मध्ये त्या जागेवर ॲडम सेजविक आला. त्यालाही निवडीच्या वेळी भूविज्ञान फारसं येत नव्हतं, पण तो हातोडी घेऊन डोंगर पालथे घालायला लागला. कँब्रियन हे भूकालखंडाचं नाव त्याने दिलं. १८३१ च्या उन्हाळ्यात वेल्सच्या फेरीवर त्याने एका तरुणाला सोबत नेलं आणि खडक कसे वाचायचे ते शिकवलं. तो तरुण चार्ल्स डार्विन. सेजविक १८७३ मध्ये मरेपर्यंत, ५५ वर्षं त्या पदावर होता, आणि मृत्युपत्राच्या अटीप्रमाणे शेवटपर्यंत अविवाहित राहिला. त्याच्यानंतर ही अट कालबाह्य म्हणून मागे पडली. वुडवर्डची कपाटं मात्र केंब्रिजच्या सेजविक संग्रहालयात आजही बघता येतात.

यातून एक व्यावहारिक प्रश्न निघतो. अट पाळणं अशक्य किंवा निरर्थक झालं तर काय करायचं? त्यासाठी कायद्यात तरतूद असते. न्यायालयाच्या परवानगीने देणाऱ्याच्या मूळ हेतूच्या शक्य तितक्या जवळ जाणारा दुसरा उपयोग ठरवता येतो. हे तत्त्व महाराष्ट्रातही लागू आहे. महाराष्ट्र सार्वजनिक न्यास अधिनियम, १९५० च्या कलम ५५ मध्ये ते आहे. पण न्यायालयात जाणं म्हणजे वर्षं आणि वकिलाची फी. त्यापेक्षा मृत्युपत्रातच मोकळीक ठेवलेली बरी. ‘या पैशातून फक्त नवे नमुने घ्यावेत’ असं लिहून गेलेल्या दात्यांनी संस्थांना अडचणीत टाकल्याचं पुष्कळदा होतं: नवे नमुने येत राहतात, ते ठेवायला कपाट नाही, नोंदवायला माणूस नाही. ‘खनिजसंग्रहाची देखभाल, वाढ, अभ्यास आणि प्रदर्शन यासाठी’ एवढे व्यापक शब्द असले की पन्नास वर्षांनंतरचा संग्रहपाल दुवा देतो.

हा विषय मला जिव्हाळ्याचा वाटतो त्याचं कारण आपल्या पायाखाली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून दख्खनचं पठार झालं. थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे खनिजयुक्त पाणी झिरपलं आणि ॲपोफिलाइट, स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, स्कोलेसाइट असे स्फटिक वाढले. १८५० च्या दशकात मुंबई-पुणे रेल्वेसाठी बोरघाट फोडला तेव्हा यांचे देखणे नमुने निघाले आणि परदेशी संग्रहालयांत पोचले. नंतर पुणे, नाशिक, जळगाव, अहिल्यानगर भागांतल्या दगडखाणी आणि विहिरी देतच राहिल्या. वाघोलीच्या खाणींतलं कॅव्हनसाइट, पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेले गडद निळे गेंद, पहिल्यांदा ओळखलं गेलं अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये. पण १९८० च्या दशकाच्या अखेरीस वाघोलीचे नमुने बाहेर पडल्यावर त्यांच्या तोडीचं दुसरीकडे कुठे मिळालं नाही. जगातल्या कुठल्याही नावाजलेल्या खनिज संग्रहालयात गेलात तर महाराष्ट्राचा दगड भेटण्याची शक्यता मोठी. सिन्नरला ‘गारगोटी’ हे खासगी संग्रहालय आहे, तिथे ही खनिजं आपल्या मातीत बघता येतात, आणि प्रत्येक शाळेने मुलांना तिथे न्यावं असं मी म्हणेन.

इथल्या दगडखाणी हा खडीचा धंदा आहे, होल्डनच्या भट्टीसारखाच. स्फटिकांनी भरलेली पोकळीही क्रशरमध्येच जाते, कुणी थांबवलं नाही तर. शहर वाढतं, खाण बुजते, वर इमारत येते. परदेशातल्या जुन्या चिठ्ठ्यांवर अनेकदा नुसतं ‘पूना, इंडिया’ लिहिलेलं असतं. पाषाणची टेकडी की वाघोली, की पन्नास मैलांवरची एखादी विहीर, हे कळायला मार्ग नाही. ती माहिती फक्त इथल्या माणसांकडे होती आणि आहे: खाणीवरचे कामगार, नमुने गोळा करणारे, भूविज्ञानाचे शिक्षक, हौशी मंडळी. त्यांच्यापैकी अनेकांनी घरी चांगले संग्रह केले आहेत. ते त्यांच्या माघारी संस्थांकडे जायचे असतील, तर होल्डनच्या वाटेने जाण्याइतका पैसा प्रत्येकाकडे नसेल, पण रीत तीच वापरता येते.

संस्थेशी जिवंतपणी बोलावं. मृत्युपत्र उघडल्यावर पहिल्यांदा कळलेली देणगी संस्थेला पेलतेच असं नाही, आणि नाही म्हणायचा तिला पूर्ण अधिकार आहे. संग्रह कुठे राहील, कोण बघेल, दुय्यम नमुने विकायला किंवा बदलून घ्यायला परवानगी आहे का, हे लेखी ठरवून घ्यावं. शेवटच्या प्रश्नावर मी मोकळीक देण्याच्या बाजूचा आहे: एकाच प्रकारचे चाळीस स्टिल्बाइट ठेवून काही साधत नाही, त्यातल्या तिसांच्या बदल्यात फ्रँकलिनचा एखादा तुकडा आला तर विद्यार्थ्यांना तो हाताळायला मिळेल. रक्कम छोटी असली तरी ती संग्रहाच्याच नावाने, व्यापक हेतू लिहून, वेगळ्या खात्यात ठेवायला सांगावी, आणि उत्पन्नाचा काही भाग दरवर्षी मुद्दलात परत जाईल असंही लिहावं. मृत्युपत्राला आपल्याकडे दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. आणि वारसांना आधी सांगावं. घरच्यांना ज्याचं मोल माहीत नाही ते खोकं घर रिकामं करताना पहिलं बाहेर जातं.

राहिली यादी. नमुन्यावर पुसला न जाणारा क्रमांक, वहीत त्या क्रमांकापुढे खनिजाचं नाव, गाव, खाणीचं किंवा विहिरीचं ठिकाण, साल, कुणाकडून मिळाला, आणि जुनी चिठ्ठी असेल तर ती तशीच, फाटकी असली तरी. फोनवरून अक्षांश-रेखांश टिपता येतात, तेही लिहावेत. पायराइटच्या खोक्यात चिठ्ठी ठेवू नये, वेगळ्या पाकिटात ठेवावी. ही यादी करायला बसाल तेव्हा सर्वात जुन्या नमुन्यापासून सुरुवात करा, कारण तो कुठून आणला होता हे सगळ्यांत आधी विसरलं जातं.